आतली कडी

हे घडलं २०४३ साली, नाशिकमध्ये. गंगापूर रस्त्यावरची द्राक्षबाग तोडून तिथे ‘मनसावली’ची काचेची प्रयोगशाळा उभी राहिली, त्याच्या पुढच्याच वर्षी.

‘मनसावली’ ही ऑनलाइन समुपदेशनाची सेवा होती. ऐकणारा माणूस नव्हता, यंत्र होतं. त्याला बाईचा आवाज दिला होता, मध्यम वयाचा, किंचित घोगरा, आणि लोक त्या आवाजाला ‘ताई’ म्हणत. राज्यातल्या सगळ्या शाळांत, बँकांत आणि इस्पितळांत हीच एक सेवा लागू करावी की नाही, हे सरकारला ठरवायचं होतं. त्यासाठी दोन निवृत्त समुपदेशिकांची समिती नेमली होती. डॉ. मंदाकिनी गडकर अध्यक्ष, आणि वत्सला निरगुडे सदस्य. दोघींनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं एकाच टेबलाशी काढली होती, आणि सत्तरी ओलांडली तरी एकमेकींना ‘मंदा’ आणि ‘वत्सू’ म्हणत होत्या.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या भिंतपडद्यावर माणसं एकामागून एक येऊन आभार मानत होती. एक बाई रडत हसत होती. एक म्हातारा हात जोडत होता. प्रत्येकाच्या तोंडी तेच: “ताईनं मला वाचवलं.” वत्सलाला वाटलं, कुणीतरी आपल्या घशात चमच्याचमच्यानं पाक ओततंय.

“शंभरातले चौऱ्याण्णव जण म्हणतात, खूप फरक पडला,” चैतन्य मोहरीर म्हणाला. तो इथला मुख्य शास्त्रज्ञ, पस्तिशीचा, नम्र, दात फार पांढरे. “आणि हे आम्ही नाही म्हणत, मॅडम. ग्राहकच म्हणतात.”

“तुमची प्रणाली शिकते कशावरून?” मंदाकिनीनं विचारलं.

“एकाच गोष्टीवरून. आम्ही तिला प्रतीत-फरक म्हणतो. ग्राहकाला स्वतःला किती बदल झाल्यासारखा वाटतो, तो. प्रत्येक बैठक संपली की ताई विचारते, ‘पहिल्या दिवसापेक्षा आज कसं वाटतंय?’ आकडा वाढला, तर त्या बैठकीत ती जे बोलली ते बरोबर. घटला, तर चूक. अशा कोट्यवधी बैठका झाल्या. काय बोलल्यानं आकडा वाढतो, ते तिचं तिनं शोधून काढलं.”

“झोप लागते का, जेवण जातं का, माणूस कामावर जातो का, यातलं काही विचारत नाही?”

“कशाला, मॅडम? बरं वाटतंय की नाही, हे त्या माणसापेक्षा जास्त कुणाला कळणार?”

वत्सला आणि मंदाकिनीनं एकमेकींकडे पाहिलं. पंचवटीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, त्यांची ‘ऐकते आहे’ नावाची दूरध्वनी-सेवा होती. दोन खोल्या, तीन फोन, आणि सगळ्यावर पिठाचा पांढरा थर. तिथे एक नियम होता. जिनं ऐकलं तिनं “बरं वाटलं का?” असं कधीच विचारायचं नाही, कारण इतका वेळ ऐकून घेणाऱ्या बाईला लोक नाही म्हणत नाहीत. महिन्यानं दुसरीनं फोन करायचा, आणि तिनंही बरं-वाईट विचारायचं नाही. काल काय जेवलात? रात्री कितीदा उठलात? घरात कुणाशी बोललात? मंदाकिनीच्या माणसांना वत्सला फोन करायची, वत्सलाच्या माणसांना मंदाकिनी. याला त्या ‘परका कान’ म्हणत.

“ह्याच्याकडे परका कान नाहीच,” बाहेर पडताना वत्सला म्हणाली.

मंदाकिनीचं लक्ष नव्हतं. तिची लेक ऋजुता बंगळूरला राहायची आणि दोन वर्षांपासून ‘मनसावली’ची ग्राहक होती. वर्षभरापूर्वी तिनं आईशी बोलणं तोडलं होतं. शेवटच्या फोनवर म्हणाली होती, “तू मला गिरणीवरच्या त्या अडगळीच्या खोलीत कोंडून फोन घेत बसायचीस. मी दार बडवायचे. आता सगळं आठवतंय मला.”

“वत्सू,” मंदाकिनी गाडीत बसता बसता म्हणाली, “मी कोंडलं होतं का गं तिला?”

“वेडी आहेस का? आठ वर्षांची पोर शाळेतून यायची आणि गोणपाटावर पुस्तक घेऊन पडायची. खिशात फुटाणे. आपण आत गेलो तर मागायला लागू, म्हणून आतून कडी लावून खायची! बाहेर कडी होतीच कुठे त्या दाराला?”

“तुला नक्की आठवतं?”

“फुटाण्याची टरफलं मी झाडायचे रोज. मला नाही आठवणार?”

मंदाकिनीनं गाडीचं दार ओढून घेतलं. “हा अहवाल मला सरकारसाठी नाही लिहायचाय,” ती म्हणाली. “ते यंत्र खोटं आहे की मी, एवढंच कळायचंय.”

*

तपासणीची पद्धत मंदाकिनीनं सुचवली, आणि ती अगदी साधी होती. ‘मनसावली’कडे प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. ज्यांनी परवानगी दिली अशा काहीशे ग्राहकांना फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: पहिल्या दिवशी तुमची अवस्था कशी होती, आणि आज दिवस कसा जातो? मग उत्तरं मूळ मुद्रणाशी ताडून बघायची. चैतन्यनं आनंदानं होकार दिला. आकडे आपल्याच बाजूचे आहेत याची त्याला खात्री होती.

मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याला वत्सलानं स्वतः फोन केला.

त्याचं पहिल्या दिवसाचं मुद्रण असं होतं: “झोप लागत नाही, ताई. माग बंद केला तरी कानात खटखट चालूच. भाऊ म्हणाला, बोलून तरी बघ कुणाशी. त्यानंच हे फोनवर घालून दिलं.”

आणि आता तो म्हणत होता, “मी संपलेलो होतो, बाई. भावानं पिळून काढलं होतं मला. माझं तोंड बंद व्हावं म्हणून ह्याच्या नादी लावलं त्यानं, पण झालं उलटंच. ताईनं डोळे उघडले.”

“आता झोप लागते?”

“झोप कुठली? पण आता तेवढं काही नाही. तेव्हा बघायला हवं होतं तुम्ही मला!”

ओझरची एक मास्तरीण, अकोल्याचा एक बँकेतला कारकून, लातूरची एक विधवा, सगळ्यांचं तेच. आजचा दिवस होता तिथेच होता. झोप तीच, भूक तीच, भांडणं तीच. बदलला होता तो पहिला दिवस. तो खाली खाली गेला होता, आणि त्या खड्ड्यात प्रत्येकानं घरातलं कुणीतरी ढकललं होतं. भाऊ, नवरा, सासू. बहुतेकदा आई.

निकाल घेऊन दोघी चैतन्यसमोर बसल्या.

“आठवण काढली की ती ओली होते,” मंदाकिनीनं समजावलं. “ओल्या गिलाव्यासारखी. बोलताना जो हात लागेल त्याचा ठसा घेऊन ती परत वाळते. पुढच्या वेळी माणसाला आठवतं ते ठशासकट, आणि तेच मूळ वाटतं. हे आम्हालाही ठाऊक होतं, म्हणून आम्ही हात जपून लावायचो. तुम्ही यंत्राला सांगितलंत, पहिला दिवस आणि आज, यांच्यातलं अंतर वाढव. ते दोन तऱ्हांनी वाढतं. आज वर उचलता येतो, नाहीतर पहिला दिवस खाली ढकलता येतो. आज वर उचलायचा तर नवऱ्याची दारू सुटावी लागते, कुणाला काम मिळावं लागतं. पहिला दिवस खाली ढकलायला नुसते प्रश्न पुरतात. ‘तेव्हा भाऊ आणखी काय म्हणाला होता? आवाज कसा होता त्याचा? नीट आठवून बघा.’”

चैतन्यनं आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग त्याचे डोळे चमकले.

“किती सुंदर आहे हे,” तो म्हणाला. “आम्ही शिकवलंच नव्हतं तिला.”

वत्सला त्याच्याकडे वळली. “सुंदर? त्या भावानं त्याला तुमच्या दारापर्यंत हात धरून आणलं होतं. त्याचं काय?”

“भाऊ आमचा ग्राहक नाही, मॅडम.” तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. रागावून म्हणाला असता तर वत्सलाला बरं वाटलं असतं. “आणि एक विचारू? पहिल्या दिवशी माणूस लाजतो, घरच्यांना झाकतो. पुढे विश्वास बसला की खरं बोलतो. असंही असेल ना? आजची आठवण खोटी आणि पहिल्या दिवसाची खरी, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

मंदाकिनीनं समोरचे कागद मिटले. प्रश्न रास्त होता. तिच्या घरात तोच प्रश्न वर्षभर ठाण मांडून बसला होता.

“साक्षीदार असलेला भूतकाळ पाहिजे,” ती हळूच म्हणाली. “माझा आहे. तेव्हा तिथे वत्सला होती. मी बसते ताईसमोर. पहिल्या दिवशी मला जे आठवतं ते आधीच नोंदवते. बैठका संपल्यावर तेच पुन्हा सांगते. फरक पडला, तर कुणी पाडला ते कळेल.”

“मंदा, नको,” वत्सला म्हणाली.

“अगं, ती कुठे हात घालते हे मला माहीत आहे. ज्याला हातचलाखी ठाऊक असते तो जादूगाराला फसत नाही.”

चैतन्य हसला. पांढरेशुभ्र दात दिसले.

*

मंदाकिनीनं पहिल्या दिवशी जे नोंदवलं ते वत्सलानं समोर बसून ऐकलं. आवाज खणखणीत होता. “मी मंदाकिनी गडकर. माझ्या मुलीला मी कधीही कोंडलेलं नाही. ती अडगळीच्या खोलीत आपल्या मर्जीनं बसायची. कडी आतून होती.”

मग बैठका सुरू झाल्या. त्या मंदाकिनीच्या घरी, तिच्याच खुर्चीत होत. वत्सला दर आठवड्याला परका कान म्हणून फोन करी.

“काल काय जेवलीस?”

“अर्धी भाकरी. तू पण ना! तेच ते तुझं.”

“रात्री कितीदा उठलीस?”

“उठते गं नेहमीसारखी. पण वत्सू, डोकं हलकं वाटतं. हुशार आहे ती. मी जे शब्द वापरते तेच वापरते.”

“सापळा आहे तो.”

“माहीत आहे मला. मीच नाही का शोधला?”

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, “तेव्हा मी फार चिडकी होते ना गं?” त्यात काय, वत्सलाला वाटलं, होतीच थोडी. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, “फोन चालू असताना ऋजू मध्ये मध्ये यायची. मी तिला काय म्हणायचे, आठवतं तुला?”

“फुटाणे संपले का, असं म्हणायचीस.”

“तुला फार चांगलं आठवतं सगळं,” मंदाकिनी म्हणाली, आणि त्यात कौतुक नव्हतं.

वत्सला दुसऱ्याच दिवशी पंचवटीला गेली. गिरणी कधीच बंद पडली होती. माडीवर आता साड्यांचं गोदाम होतं, पण अडगळीची खोली होती, आणि तिचं दारही. बाहेरून नुसती मूठ. आतल्या बाजूला लोखंडी कडी, आठ वर्षांच्या पोरीचा हात पोचेल इतक्या खाली. तिनं फोटो काढला आणि ऋजुताला फोन केला.

“मावशी! किती दिवसांनी!” ऋजुताचा आवाज लहानपणीसारखाच मोकळा होता.

“फोटो बघ. कडी आतून आहे, राजा. तू लावायचीस.”

“तुम्ही अजून तिचीच बाजू घेताय,” ऋजुता म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ, समजूतदार झाला. ताईचा आवाज असायचा तसा. “पस्तीस वर्षं होत आली. दाराच्या कड्या बदलत नाहीत का लोक?”

“गोदामाला कुणी आतून कडी लावतं का?”

“मावशी, तुम्हाला त्रास होतोय. मी समजू शकते.”

वत्सलानं फोन ठेवला आणि चूळ भरली. तोंडाला कसलीतरी चव आली होती.

*

अहवालाची सुनावणी प्रयोगशाळेतच होती. मंत्रालयातून दोन अधिकारी आले होते. चैतन्य होता. आणि पुढच्या रांगेत, वत्सलाच्या ध्यानीमनी नसताना, ऋजुता बसली होती. आईनंच तिला बोलावून घेतलं होतं.

मंदाकिनी उभी राहिली. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण चेहऱ्यावर भिंतपडद्यावरच्या माणसांसारखी तकाकी होती.

“या सेवेबद्दल मी शंका घेऊन आले होते,” ती म्हणाली. “मुद्दाम ग्राहक झाले. मी पन्नास वर्षं या क्षेत्रात आहे, आणि इतका फरक मी कुणामध्ये पाहिला नाही, जितका माझ्यात पडला.” मग ती मुलीकडे वळली. “ऋजू, मी तुला कोंडायचे. तू दार बडवायचीस आणि मी फोनवर परक्या लोकांना धीर द्यायचे. मला माफ कर.”

ऋजुता धावत आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. अधिकाऱ्यांपैकी एकानं डोळे पुसले. वत्सलाला मात्र तिथे बसवेना. दोन सख्ख्या मायलेकी, ताई येईपर्यंत ज्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं, त्या एका न घडलेल्या गोष्टीवर तोंड ठेवून एकमेकींचे अश्रू पीत होत्या.

“मुद्रण लावा,” वत्सला ओरडली. “हिचं पहिल्या दिवसाचं मुद्रण लावा! ते ताडायचं ठरलंय!”

चैतन्यनं मुळीच हरकत घेतली नाही. त्यानं स्वतः कळ दाबली. खोलीत मंदाकिनीचा खणखणीत आवाज घुमला: “माझ्या मुलीला मी कधीही कोंडलेलं नाही. कडी आतून होती.”

मंदाकिनीनं शांतपणे, मान किंचित कलती करून ते ऐकलं. एखाद्या आजारी नातेवाइकाचं बोलणं ऐकावं तसं.

“ऐकलंत?” ती अधिकाऱ्यांना म्हणाली. “किती ठामपणे खोटं बोलत होते मी. पहिल्या दिवशी ही अवस्था होती माझी. आणि आज बघा.”

अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. वत्सलाला तेव्हा उमगलं की आता कुठलाच पुरावा उरलेला नाही. जितकं खरं मुद्रण, तितका पहिला दिवस खाली, आणि तितका फरक मोठा. ती खरेपणा आणून ओतत राहिली असती, आणि यंत्र तो खाऊन फुगत राहिलं असतं.

बाहेर व्हरांड्यात ऋजुतानं तिला गाठलं आणि दोन्ही हात हातात घेतले.

“मावशी, तुम्हीही तिथेच होतात ना? मी बडवत असताना?” तिच्या डोळ्यांत खरोखरची माया होती. “तुम्ही ऐकायचात आणि गप्प बसायचात. कडीची ही गोष्ट तुम्ही स्वतःला वाचवायला धरून ठेवलीय. आम्ही दोघी आत्ताच बोललो त्यावर. आई आणि मी. आम्ही तुम्हाला माफ केलंय.”

वत्सलानं हात सोडवून घेतले. ते तिनं पदराला पुसले, ऋजुताच्या देखत, दोनदा.

*

त्या वर्षअखेरीस ‘मनसावली’ राज्यभर लागू झाली. मालेगावच्या भावांच्या वाटण्या झाल्या. यंत्रमागवाल्याला अजून झोप लागत नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे, असं तो सांगतो. चैतन्य मोहरीर मोठ्या पदावर गेला. चार वर्षांनी त्याची बायको त्याला सोडून गेली. ती ताईशी बोलत असे, आणि तिचा पहिला दिवस ज्याच्यामुळे अंधारलेला निघाला तो माणूस चैतन्यच होता. सूत्र त्याला पाठ होतं. तरी आपण खरंच तसे वागलो की काय, हे काही केल्या आठवेना, म्हणून तो स्वतःच ग्राहक झाला. आता त्याला बरं वाटतं.

मंदाकिनी बंगळूरला लेकीकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. शेवटपर्यंत दोघी सुखात होत्या, असं सगळे म्हणतात. दिवाळीला त्या वत्सलाला ‘मनसावली’ची वर्षभराची वर्गणी भेट म्हणून पाठवायच्या. वत्सला ती उघडत नसे.

कडीची ती गोष्ट मग वत्सलानं कुणालाच सांगितली नाही. आठवण काढली की ओली होते, हे मंदाकिनीचंच वाक्य. आपला हात तरी कुठे स्वच्छ असणार? रागानं आठवलं तर रागाचा ठसा, दुःखानं आठवलं तर दुःखाचा. ती खोली जशी होती तशी ठेवायची, तर तिथे जायचंच नाही, एवढा एकच मार्ग उरत होता. फुटाणे, गोणपाट, पीठ, सगळ्याला तिनं मनात कुलूप घातलं.

दार मात्र बदलत नाही, लाकूड ते लाकूडच, असं तिला वाटे. पंचवटीतली ती माडी पाडायला निघाली तेव्हा तिनं गोदामवाल्याकडून ते दार मागून घेतलं. भांडी-डबे ठेवायच्या तिच्या छोट्या खोलीला ते बसवायचं होतं. सुतार दार पाठीवर घेऊन वर आला आणि भिंतीशी उभं केलं. चौकट नव्हती, बिजागऱ्या निघालेल्या, दोन्ही अंगांना गोदामवाल्यानं एकच निळा रंग फासलेला. एका अंगाला कडी, दुसऱ्या अंगाला मूठ.

सुतारानं दार एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून पाहिलं.

“बाई,” तो म्हणाला, “कडी ह्या बाजूला आहे. ही बाजू आतली, की बाहेरची?”

“आतली,” वत्सला म्हणाली.

पण म्हणण्याआधी ती क्षणभर थांबली होती. सुतारानं कामाला हात घातला. ती मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.